उपकार मानावेत, जीभ गहाण टाकू नये



निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास कानी पडते. बाजारात, एस.टी.त, मिरकरवाड्याच्या जेटीवर आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही. "खातो, पण काम करतो ना!" असे म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या वाडीत रस्ता झालेला असतो, मुलाच्या दाखल्यासाठी पुढाऱ्याचा एक फोन उपयोगी पडलेला असतो. म्हणून बाकीच्या गोष्टींकडे तो डोळेझाक करतो. ख्रिस्ती माणसाला असे करता येते का, यावर आज आपण विचार करू या.

कोणाला मत द्यावे हे वेदीवरून सांगणे धर्मगुरूचे काम नव्हे. म्हणून आम्ही आजच्या पुढाऱ्याचे उदाहरण घेत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे घेतो. आपल्यातील ज्येष्ठांना ते आठवत असेल.

बॅरिस्टर ए. आर. अंतुले जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ते कोकणचे सुपुत्र, आंबेत गावचे. माणूस धडाडीचा. १ मे १९८१ रोजी आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. सावंतवाडी-कुडाळच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट रत्नागिरी गाठावी लागे, तो त्रास संपला. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. अशा माणसाविषयी कोकणाला प्रेम वाटले तर नवल नाही.

त्या वेळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवान्याशिवाय ते मिळत नसे आणि घर बांधणारा साधा माणूस वाट पाहत बसे. ऑगस्ट १९८१ अखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी लिहिले की, मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या न्यासांना देणग्या देणाऱ्या बिल्डरांना जादा सिमेंट मिळत आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. त्याच महिन्यात अंतुले यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे चालला, पण त्यात त्यांना शिक्षा झाली नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९८९ मध्ये कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठवले. २०१४ मध्ये ते निवर्तले. त्यांचा अंतिम न्याय देवाच्या हाती आहे. आपल्याला फक्त आपला प्रश्न सोडवायचा आहे.

त्या न्यासांपैकी एकाचा उद्देश साहित्य आणि कलेला उत्तेजन देण्याचा होता. म्हणजे काम चांगलेच. मग बिघडले कुठे? संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच युक्तिवाद खोडून काढतो. चांगले निपजावे म्हणून वाईट करण्याची मुभा कोणालाही नाही. कारण साधे आहे. देणगीच्या बदल्यात गेलेले सिमेंटचे पोते कोणाच्या तरी वाट्याचे असते. रांगेत उभ्या असलेल्या आणि कोणाशी ओळख नसलेल्या माणसाच्या घराची भिंत तेवढी अडते. "खातो, पण काम करतो" असे म्हणताना हा रांगेतला माणूस आपल्याला दिसत नाही.

जुन्या करारातल्या दावीद राजाला आठवा. त्याच्यापेक्षा जास्त 'काम करणारा' पुढारी इस्राएलला मिळाला नाही. त्याने यरुशलेम जिंकले, कराराचा कोश तेथे आणला, विखुरलेल्या वंशांना एकत्र केले. त्याच दावीदाने उरीयाची बायको नेली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवले. नाथान संदेष्टा दरबारातलाच. दावीदाचे राजघराणे टिकेल हे देवाचे वचन त्यानेच राजाला सांगितले होते. तरीही तो राजापुढे उभा राहिला, गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली आणि शेवटी बोट राजाकडेच दाखवले. इतकी कामे केली म्हणून एक उरीया माफ, असा हिशेब त्याने मांडला नाही. तो दावीदाला सोडूनही गेला नाही. पुढे शलमोनाच्या राज्याभिषेकाच्या वेळीही नाथान तेथे आहेच. त्याने राजाची साथ सोडली नाही आणि सत्यही सोडले नाही.

आता हेरोदाची मेजवानी पाहा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागितले गेले तेव्हा हेरोदाला वाईट वाटले, असे संत मार्क सांगतो. तरीही आपली शपथ आणि समोर बसलेले पाहुणे यांच्यामुळे त्याने नकार दिला नाही. त्या पाहुण्यांपैकी कोणी तोंड उघडल्याची नोंद शुभवर्तमानात नाही. ताटावर शिर आले तेव्हाही ते पाहुणेच राहिले. पुढाऱ्याचे पाप बऱ्याचदा असे आपल्या भरवशावर चालते. ही माणसे काही बोलणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते.

मग दोष असलेल्या पुढाऱ्याला मत देणे हे पाप आहे का? दरवेळी नाही. निर्दोष उमेदवारच हवा म्हटले तर मतपेटी रिकामी राहील. संत आल्फोन्सस लिगोरी यांच्यासारख्या नीतिशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच्या पापातील सहभागाचा बारकाईने विचार केला आहे. चोराच्या हेतूशी सहमत होऊन शिडी धरणारा चोरीत सामील असतो. पण जो ते कृत्य मनापासून नाकारतो, आणि ज्याच्या हातून नकळत किंवा दुरून तेवढी मदत होते, त्याचा दोष वेगळा तोलावा लागतो. त्यासाठीही तितकेच वजनदार कारण लागते. माझ्या घरापुढचे डांबर हे वजनदार कारण नव्हे.

म्हणून मत देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. या माणसाला मी त्याच्या गैरकृत्यातला वाटा मिळेल म्हणून मत देतो आहे, की ते गैरकृत्य मान्य नसतानाही? मला मिळणाऱ्या फायद्याची किंमत कोण चुकवतो आहे? आणि उद्या तो चुकला तर "साहेब, हे बरोबर नाही" असे म्हणायला माझी जीभ मोकळी राहील का?

तिसरा प्रश्न आपल्यासाठी फार मोलाचा आहे. आपण संख्येने थोडे. कधी दफनभूमीच्या कुंपणासाठी, कधी रस्त्यासाठी, कधी पाण्याच्या नळासाठी आपल्याला पुढाऱ्याच्या दारी जावे लागते. जरूर जावे. काम झाले तर आभारही मानावेत, कारण कृतज्ञता हा सद्गुण आहे. पण तो निधी पुढाऱ्याच्या खिशातला नसतो, तो आपल्या सर्वांच्या करांतून आलेला असतो. हक्काची गोष्ट भीक म्हणून घेतली की कृतज्ञतेची लाचारी होते, आणि लाचार माणूस नाथान होऊ शकत नाही.

आपल्या हाती साधने आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरील खटले शपथपत्रात लिहावे लागतात. ते वाचावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, त्याखाली रस्त्याच्या खर्चाचा तपशील मागता येतो. ग्रामसभा आहे, तेथे जाऊन बसावे आणि विचारावे. एकही उमेदवार विवेकाला पटला नाही, तर मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ पासून आहे. आणि आपण ज्याला निवडून दिले त्याला जाब विचारण्याची पहिली जबाबदारी आपलीच आहे, विरोधकांची नंतर.

या आठवड्यात कुटुंबाच्या रोझरीच्या वेळी आपल्या लोकप्रतिनिधींसाठी एक गूढ अर्पण करू या. ज्यांना आपण मत दिले त्यांच्यासाठी, आणि ज्यांना दिले नाही त्यांच्यासाठीही. दावीदाला पश्चात्ताप झाला, कारण त्याच्या दरबारात एक माणूस खरे बोलला. आपल्या गावातही असा एक माणूस असावा, आणि तो आपल्या चर्चमधला असावा, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू