मदतीचा हात आणि दंडाची पावती

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रकरण विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचे होते, पण आदेश देशातल्या सगळ्याच शिक्षणसंस्थांना लागू झाला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे, मदतीचे फोन क्रमांक ठळक लावलेले हवेत, निवासी संस्थांत पंखे आणि गच्च्या सुरक्षित केलेल्या हव्यात. त्याआधी मार्च महिन्यात याच न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कृतिदल नेमले होते. या धावपळीमागे आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. या आकड्यात शाळकरी मुलेही आली. वसतिगृहात राहणारे किती, हे त्यातून कळत नाही. पण जी मुले घर सोडून संस्थेच्या छपराखाली राहतात, त्यांची जबाबदारी टाळायला संस्थेला घराकडे बोट दाखवता येत नाही, एवढे तरी उघड आहे.

न्यायालयाचे आदेश स्वागतार्ह आहेत. अडचण अशी की ते अमलात येताना आपल्याकडे एका ठरलेल्या वळणावर जातात. प्रशासकीय इमारतीत एक खोली मिळते, दारावर ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लागते, कार्यालयीन वेळात एक मानधनावरची व्यक्ती बसते, आणि वसतिगृह मात्र होते तसेच चालू राहते. खोलीचे वाटप, मेसचे बिल, रात्रीचा हजेरीपट, घरी केला जाणारा फोन, दंड आणि खोली खाली करण्याची नोटीस, हे सगळे जुन्याच हातांत राहते. विद्यार्थ्याला आधार मिळतो की नाही, हे ठरते या जुन्या हातांत. मदत करणारा आणि शिक्षा करणारा माणूस एकच असेल, आणि अन्न, निवारा, पैसा ही शिक्षेची साधने असतील, तर समुपदेशक कितीही नेमले तरी ते नुकसान झाल्यावरच कामाला येणार.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात जे घडले त्याकडे या बाजूने फारसे पाहिले गेले नाही. २०१५ च्या अखेरीस पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांवर विद्यापीठाने कारवाई केली. रोहित वेमुला त्यांतला एक. त्यांना वसतिगृह बंद झाले, पण वर्गात बसायला आणि संशोधन करायला मनाई नव्हती. ती मुले आवारातच उघड्यावर राहिली. आपली सात महिन्यांची शिष्यवृत्ती थकल्याचे रोहितने लिहून ठेवले, आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्याचा अंत झाला. त्यानंतरची चर्चा जातीची, राजकीय हस्तक्षेपाची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या कारवाईतला हिशेबही पाहण्यासारखा आहे. वर्ग चालू आहेत, म्हणजे शिक्षण चालू आहे. काढून घेतली ती फक्त एक सुविधा. ज्याला त्या शहरात दुसरे घर नाही त्याच्या बाबतीत हा हिशेब किती क्रूर ठरतो, हे कागद तयार करणाऱ्याला जाणवलेच नसेल असे म्हणणे कठीण आहे. तरीही असे कागद आपल्या विद्यापीठांत आजही तयार होतात. शिस्तभंगाच्या तक्रारीवर पहिली शिक्षा सुचते ती वसतिगृहातून काढण्याची, कारण ती द्यायला सर्वांत सोपी असते.

जेवणाच्या टेबलावर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत तीन वसतिगृहांच्या सामायिक मेसमध्ये सहा टेबले फक्त शाकाहारासाठी राखून ठेवण्यात आली. काही विद्यार्थ्यांनी तिथे बसून मांसाहार करत निषेध केला, आणि त्यांतल्या एकाला दहा हजार रुपये दंड झाला. वासाने मळमळते, शेजारच्या ताटातले पाहवत नाही, ही कोणाची खरी अडचण असू शकते हे मान्य करू. पण ज्या संस्थेने त्याच वर्षी जुलैमध्ये ‘एकमेकांना प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारू नका, त्यातून जात काढली जाते’ अशी सूचना विद्यार्थ्यांना दिली होती, तिला टेबल वेगळे करण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. एकीकडे सर्वसमावेशकतेची सूचना आणि दुसरीकडे दंडाची पावती, दोन्ही एकाच आवारातून निघतात. विद्यार्थी सूचनेवर विश्वास ठेवत नाही, पावतीवर ठेवतो.

जेवण आणि निवारा हा शिक्षणाचाच भाग आहे, हे महाराष्ट्राने न ओळखावे याचे आश्चर्य वाटते, कारण बहुजनांच्या शिक्षणाची आपली परंपराच मुळी वसतिगृहापासून सुरू होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकापाठोपाठ एक बोर्डिंगे उभी केली, ती शाळा होत्या म्हणूनच. शाळा होती, पण खेड्यातल्या पोराला शहरात ताट आणि अंथरूण नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात धनिणीच्या बागेत बोर्डिंग चालवले तेव्हा सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मुलांच्या पोटासाठी मोडले, ही कथा आपण भाषणांत सांगतो आणि त्यागाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. त्यातला व्यवस्थेचा भाग सांगत नाही. त्या घरात स्वयंपाकघर शिक्षणाच्या बाहेर नव्हते. धान्य संपले की ती अडचण बोर्डिंग चालवणाऱ्यांची असे. ती मुलाची थकबाकी होत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्यात मतलब नाही. शाहूंची बरीच बोर्डिंगे जातवार होती, आणि एका कुटुंबाच्या जिवावर चाललेली संस्था हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला नमुना म्हणून पुरणार नाही. पण अडचण कोणाच्या नावावर मांडायची, हा प्रश्न तेव्हा बरोबर सुटला होता.

आज तो कसा सुटतो ते आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत पाहावे. २०१८ मध्ये शासनाने मोठ्या शहरांतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात टाकायचे ठरवले. कारणे पटण्यासारखी होती. ठेकेदाराचे पाणचट वरण आणि मधल्यामध्ये मुरणारा पैसा यांबद्दल तक्रारी जुन्याच होत्या. तरी मुलांनीच विरोध केला, आणि त्या जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांचे म्हणणे साधे होते: हप्ता उशिरा येतो, भूक वेळेवर लागते. धडगावहून पुण्यात आलेल्या मुलाचा हप्ता दोन महिने लांबला तर काय होते, याचा क्रम मांडून पाहू. बाहेरची खाणावळवाली बाई पंधरा दिवस उधारीवर जेवू घालते, मग थांबते. रात्रीचे जेवण वडापाववर भागते. सकाळचे प्रॅक्टिकल चुकते, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, महाविद्यालयाचे पत्र घरी पोहोचते. तोवर मुलगा गप्प गप्प झालेला असतो, आणि मग कोणीतरी भला प्राध्यापक त्याला समुपदेशकाकडे पाठवतो. समुपदेशक काय करील? हप्ता आणणे त्याच्या हातात नाही, हजेरी माफ करणे नाही, उधारी फेडणे तर नाहीच. तो श्वास कसा घ्यावा ते शिकवील.

यावर मानसोपचाराच्या क्षेत्रातले लोक रास्त आक्षेप घेतील. नैराश्य हा आजार आहे, पोट भरलेल्या, सुस्थितीतल्या मुलालाही तो होतो, आणि प्रत्येक दुःखाचे मूळ मेसच्या बिलात शोधणे हे दुसऱ्या टोकाचे अज्ञान आहे. हे खरे आहे. पंखे बदलण्याची आपण थट्टा करतो, तीही चूक आहे. जवळचे साधन दूर केले की जीव वाचतात याला भक्कम पुरावा आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर तिथले आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. २०२२ पासून चालू असलेली ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा रात्रीबेरात्री बोलायला माणूस मिळवून देते, हेही थोडे नाही. माझा आक्षेप या उपायांवर नाही, त्यांच्यावर थांबण्यावर आहे. सुरक्षित पंख्याने एक रात्र वाचते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला कोणाच्या दारात जाता येते? रेक्टरच्या? रेक्टर म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ अध्यापन सांभाळून हा अतिरिक्त कार्यभार वाहणारा प्राध्यापक. तोच खोली देतो, तोच दंड लावतो, तोच कधी परीक्षक असतो, आणि ‘घरी फोन करीन’ ही धमकीही त्याचीच. दारूचे, प्रेमप्रकरणाचे, नापास झाल्याचे किंवा मनात येणाऱ्या भलत्या विचारांचे खरे उत्तर त्याला कोण देईल?

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. मुले अठरा वर्षांवरची आहेत, मतदार आहेत. संस्थेने त्यांचे आईबाप व्हायचे की काय? व्हायचे नाहीच. आईबाप होण्याची हौस आज संस्थांना जरा जास्तच आहे, विशेषतः मुलींच्या वसतिगृहांत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्येच बजावले होते की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर पहारा बसवू नका. तरी दाराची वेळ, ग्रंथालयातून परतायची चिठ्ठी, गावाला जाताना पालकांची सही, हे सगळे सुखाने चालू आहे. आधार आणि पाळत यांतला फरक संमतीचा आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने काही विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनंतर २०१८ पासून प्रवेशाच्या वेळीच विचारायला सुरुवात केली: तुझ्याबद्दल गंभीर काळजी वाटली तर आम्ही कोणाला कळवू? नाव आई-वडिलांचे द्या, मावशीचे द्या, मित्राचे द्या. बहुसंख्य विद्यार्थी संमती देतात. केंब्रिजच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या अडीअडचणी पाहणारा ‘ट्यूटर’ आणि त्याचा अभ्यास पाहणारा मार्गदर्शक हे शतकभराहून अधिक काळ वेगळे राहत आले आहेत, ते उगाच नाही. आपल्याकडे ही विभागणी करायला कायदा बदलावा लागत नाही. शिस्तीची फाईल एका माणसाकडे, अडचणीची दुसऱ्याकडे, आणि दुसऱ्याने पहिल्याला काय सांगायचे ते विद्यार्थ्याच्या संमतीने, एवढा एक ठराव व्यवस्थापन परिषदेला पुरतो.

राहिला पैसा. पूर्णवेळ, प्रशिक्षित गृहपाल आणि त्याच्या हाताशी शिष्यवृत्ती येईपर्यंत मेस चालू ठेवणारा फिरता निधी, हे खर्चाचे काम आहे. पण त्यातला मोठा भाग खर्च नसून उसनवारी आहे. हप्ता आला की वळता होतो. सरकारकडून येणे असलेल्या पैशासाठी आज विद्यार्थी सरकारला बिनव्याजी मुदत देतो आणि वर दंड भरतो. ही मुदत विद्यापीठाने द्यावी, कारण शासनाशी पत्रव्यवहार करण्याची ताकद त्याच्याकडे आहे. जे विद्यापीठ हे करणार नाही, त्याला निदान उत्तर द्यायला लावण्याची सोय आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थी साहाय्याचाच आहे. तिथे शिष्यवृत्तीधारक किती, तक्रार समित्या आहेत का, उपक्रम किती झाले, हे मोजले जाते, आणि महाविद्यालये उद्घाटनाच्या छायाचित्रांसह फायली लावतात. त्याच जागी तीन प्रश्न विचारता येतील: शिष्यवृत्ती थकल्यामुळे गेल्या वर्षी किती जणांची मेस बंद झाली, शिस्तीची कारवाई म्हणून किती जणांची खोली काढून घेतली, आणि त्यांतले किती जण पुढच्या परीक्षेला बसले. मेसची वही, नोटिशींची फाईल आणि परीक्षा विभागाची यादी शेजारी ठेवली की उत्तरे मिळतात. तीनही कागद विद्यापीठातच आहेत.