मेंदूचे वय

देहाच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा दोन टक्के असूनही विश्रांतीच्या अवस्थेत देहाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खर्ची घालतो; आणि वयाबरोबर हा खर्च घटत जात असला, तरी स्त्रीपुरुषांत त्याची चाल सारखी नसते. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २० ते ८२ वयाच्या २०५ व्यक्तींच्या मेंदूंतील शर्करेचा व प्राणवायूचा विनियोग तपासून २०१९ साली दाखवून दिले की, पुरुषांच्या मापाने पाहता स्त्रीचा मेंदू तिच्या वयाहून सरासरी ३.८ वर्षांनी तरुण असतो. मेंदूतील रक्तप्रवाहही स्त्रियांत अधिक आढळतो. परंतु तिच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, सबब तेवढाच प्राणवायू पोहोचविण्यास अधिक रक्त वाहावे लागते, हे त्याचे एक कारण होय. ज्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, तेथे या आधिक्याला निखळ समृद्धी म्हणणे मला धाडसाचे वाटते.

आणि एवढे तारुण्य लाभूनही आपल्या देशात साठीनंतरचा स्मृतिभ्रंश पुरुषांपेक्षा स्त्रियांतच अधिक! दीर्घायुष्य आणि रजोनिवृत्तीनंतरचे अंतःस्रावांतील बदल यांचा त्यात भाग असेलच; पण शिक्षणाच्या अभावाची गणना या व्याधीच्या टाळता येण्याजोग्या कारणांत होते, हे विसरून चालणार नाही. उदाहरणार्थ, कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील बराकींत किंवा शेजारच्या विठ्ठलवाडीत वाढलेल्या ज्या मुली आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या बालपणी, १९५१ च्या खानेसुमारीत, देशातील शंभर पुरुषांमागे सत्तावीस साक्षर होते, तर शंभर स्त्रियांमागे नऊसुद्धा नव्हत्या. निसर्गाने दिलेले समाजाने हिरावून घेतले, असेच म्हणावे लागते.

आजोबा पेन्शनच्या हिशेबात चुकू लागले की सारे घर सावध होते. आजींनी आमटीत दोनदा मीठ घातले, तर ती चूक वयाच्या नावे खर्ची पडते. थायरॉइडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि रक्तक्षय यांनीही स्मृती मंदावू शकते, आणि ही कारणे उपचारसाध्य आहेत. विठ्ठलवाडीच्या रहिवाशांना उल्हासनगरचे सरकारी मध्यवर्ती रुग्णालय काही दूर नाही. घरातील वृद्धेचे विसरणे वाढले असेल, तर तिला एकदा डॉक्टरांकडे न्यावे आणि तिच्या रक्ताची तपासणी करवून घ्यावी, एवढी विनंती.