सहा दिवस आणि तेरा वर्षं

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनच्या तुकडीतले दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी पंचवीस फुटांहून जाड बर्फाखालून लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले; ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. हुबळीच्या नेहरू मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी आणि कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूर गावचा अखेरचा निरोप या भागात आजही सांगितला जातो. हनुमंतप्पांच्या मृत्यूच्या सुमारास लष्कराने दिलेल्या माहितीत आणखी एक गोष्ट होती. तेरा वर्षांच्या नोकरीतली दहा वर्षं या माणसाने खडतर भागांत काढली होती. आधी जम्मू-काश्मीर, मग स्वतः मागून घेतलेली राष्ट्रीय रायफल्समधली नेमणूक, पुढे ईशान्य भारत. बर्फाखालचे सहा दिवस साऱ्या देशाला तोंडपाठ झाले, ती तेरा वर्षं मात्र बातमीच्या एका परिच्छेदात आटोपली. सैनिकाचा सन्मान आपण त्याच्या अखेरच्या क्षणाला बांधून टाकला आहे. त्यामुळे त्याचं आयुष्य आणि त्याचं घर दोन्ही त्या सन्मानाबाहेर राहतात, असं माझं म्हणणं आहे.

२६ जुलैला कारगिल विजय दिनी पुष्पचक्र वाहिलं जातं, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनी निधी गोळा होतो. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ पासून राष्ट्रीय युद्धस्मारक उभं आहे आणि त्याच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. हे सारं हवंच. पण जो परत आला त्याच्यासाठी आपल्यापाशी काय आहे? कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे घ्या. ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवे टाकलेले वृक्ष काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात दोन साथीदार गेले, स्वतः राणे जखमी झाले, तरी ते हटले नाहीत. त्यांना परमवीरचक्र मिळालं. पुढे १९६८ साली ते निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. त्या चार दिवसांनंतर हा माणूस आणखी सेहेचाळीस वर्षं जगला. परमवीरचक्राच्या मानपत्रात ती वर्षं मावत नाहीत, आणि मानपत्राचं ते कामही नव्हे. पण ज्यांना पदक मिळालं नाही त्या हजारोंच्या बाबतीत तर मानपत्रही नाही.

सैनिकाचं म्हणणं त्याच्या भाषेत नोंदवलं नाही तर काय होतं, याचा पुरावा पहिल्या महायुद्धात आहे. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातल्या कूत इथे वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार, शरणागती, नंतर कैदेतली जीवघेणी पायपीट हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. या प्रसंगाची पुस्तकं लिहिली ती प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांनी. खुद्द सेनापती टाउनशेंडचं पुस्तक १९२० मध्ये आलं. हिंदी माणसाच्या नजरेतून ती कैद पाहायची तर शिशिर सर्वाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाच्या बंगाली आठवणींकडे वळावं लागतं. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं आज वाचायला मिळतात, पण तीही बव्हंशी टपाल तपासणाऱ्या लष्करी खात्याने इंग्रजीत उतरवलेल्या उताऱ्यांच्या रूपात. आपल्याच माणसाचं मन आपण पहारेकऱ्याच्या वहीतून वाचतो. साताऱ्याच्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ जीव गमावले आणि गावाने ती आठवण जपली. पण आकडा जपणं आणि माणूस जपणं यांत अंतर आहे.

म्हणून सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हकिकती नोंदवायला हव्यात. यावर पहिला आक्षेप असा येतो की, कहाण्या सांगून पोट भरत नाही. माजी सैनिकाला पेन्शन, औषधोपचार आणि नोकरी द्या. आक्षेपात तथ्य आहे. ‘वन रँक वन पेन्शन’ १ जुलै २०१४ पासून लागू झालं, ते कित्येक वर्षांच्या मागणीनंतर. पण हक्काचं घोडं अनेकदा तपशिलात अडतं आणि तो तपशील घरातल्यांनाच ठाऊक असतो. लग्न झालं, मूल झालं की पलटणीत त्याची नोंद करणारी ‘पार्ट टू ऑर्डर’ निघावी लागते. ती राहिली, किंवा तीत बायकोचं नाव माहेरचं पडलं आणि आधारवर सासरचं, तर नवरा गेल्यावर कुटुंब पेन्शनचा कागद टेबलाटेबलांवर फिरत राहतो. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाणारी वृद्धा हे सगळं जाणते. तिची हकिकत कोणी पद्धतशीर नोंदवली, तर एकाच प्रकारची अडचण किती घरांत आहे ते कळेल. अशा नोंदींतून हक्काच्या मागणीला आधारच मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. म्हाताऱ्या माणसाची स्मृती दगा देते, शौर्य फुगतं, आणि अशा गोष्टींतून शेवटी युद्धाचाच गौरव होतो. स्मृती चुकते हे खरं. म्हणून तर ती डिस्चार्ज बुक आणि पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहायची. तारीख चुकेल, पण थंडीत बोटं कशी काळी पडली किंवा तारेने बातमी आली तेव्हा घरात कोण होतं, हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार नाही. गौरवाचं म्हणाल, तर युद्धाचं उदात्त चित्र लांबून पाहणाऱ्यांनाच जमतं. ज्याने मित्राचं सामान बांधून त्याच्या घरी पाठवलं, तो सहसा तसं बोलत नाही. मात्र एक मर्यादा पाळायलाच हवी: ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. ताज्या दुःखातल्या पत्नीसमोर माईक धरणं याला मी सन्मान म्हणत नाही. तिच्याकडे जायचं ते दहा वर्षांनी, तिची तयारी असेल तर, आणि नंतर एखादा भाग गाळायला सांगण्याची मोकळीक तिला देऊन.

असं काम इतरत्र झालं आहे. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यानुसार काँग्रेसच्या ग्रंथालयाने माजी सैनिकांच्या मुलाखती, पत्रं आणि छायाचित्रं जमवायला सुरुवात केली. आज तिथे एक लाखाहून अधिक व्यक्तींचे संग्रह आहेत, आणि मुलाखती घेणारे पुष्कळसे साधे स्वयंसेवक आहेत. हुबळी-धारवाडला हे अवघड नाही. कर्नाटक विद्यापीठ इथे आहे, १९५० पासूनचं आकाशवाणी केंद्र इथे आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारी बेळगावात. या भागातल्या मराठी घरातला जवान घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पलटणीत हिंदी बोलत आला. त्याची हकिकत तिन्ही भाषांत मिसळून येईल, ती तशीच घ्यावी. सीमाप्रश्नाचा वाद त्यात आणू नये. हनुमंतप्पांचं घर कन्नड होतं म्हणून त्यांच्या तेरा वर्षांवरचा आपला हक्क कमी होत नाही. घाई मात्र करायला हवी. १९६२ च्या लढाईत उतरलेले जे कोणी हयात असतील ते ऐंशीच्या पुढचे आहेत, ७१ मध्ये विशीत असलेला जवान पंचाहत्तरीच्या आसपास आहे. विचारायला जाणाऱ्याने सुरुवात लढाईपासून करू नये. भरतीला कोणाबरोबर गेलात, पहिल्या पगाराची मनीऑर्डर कोणाच्या नावावर केलीत, पहिल्या रजेवर आलात तेव्हा मुलाने ओळखलं का, हे विचारावं. आणि मग तेच प्रश्न, वेगळ्या दिवशी, नवऱ्याच्या गैरहजेरीत, बायकोला विचारावेत.