पाणी कुणाच्या दारी?

‘पूरनियंत्रण’ हा शब्द मला नेहमीच जरा फसवा वाटतो. डोंगरावर कोसळलेले पाणी समुद्राकडे जाणारच. ते किती वेळात जावे, कोणत्या वाटेने जावे आणि जाताना कुणाच्या उंबऱ्याला शिवावे, एवढेच काय ते माणसाच्या हाती असते. कादंबरीत पूर आणणे सोपे. एका प्रकरणात तो चढतो, दुसऱ्यात ओसरतो. कोण बुडावे आणि कोण तरावे हे लेखक ठरवतो, आणि त्याला कुणी जाब विचारीत नाही. शहराचा आराखडा आखणारा गृहस्थही हेच ठरवीत असतो. त्याची पात्रे मात्र हाडामांसाची असतात.

पुण्याच्या मुठेचेच पाहा. तिच्या काठांनी नकाशावर दोन रेषा काढलेल्या आहेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘100 वर्षांतून एकदा’ हे शब्द कानी पडले की माणूस निर्धास्त होतो. ते नातवंडे पाहून घेतील, असे त्याला वाटते. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तसा पूर येण्याचा संभव शंभरात एक आहे. आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी मला हिशेब करून दाखवला. निळ्या रेषेवरच्या घरात माणूस 25 वर्षे राहिला, तर एकदा तरी पाणी दारात येण्याचा संभव शेकडा 64. लाल रेषेवर तोच शेकडा 22. मुलीच्या लग्नापर्यंत त्या घरात राहू म्हणणाऱ्या बापाला हा आकडा कुणी सांगतो का? घर विकणारा सांगत नाही, आणि खरे सांगायचे तर घेणाराही विचारीत नाही.

मग पूर आला की लोक विचारतात, ‘नदीत घर बांधायला कुणी सांगितले होते?’ हा प्रश्न झोपडीवाल्याला फार लवकर विचारला जातो. परवानगीचा शिक्का असलेल्या इमारतीला जरा अदबीने. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. घरे गेलेल्यांसाठी नदीपासून दूर गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. म्हणजे कुठे राहू नये हे पुण्याला तेव्हाच कळले होते. तरी पुढच्या काळात शहर पुन्हा काठाशी उतरले, पात्रातून रस्तासुद्धा गेला. हा दोष एकट्या रहिवाशाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ज्या गावात जागेला सोन्याचे मोल आहे, तिथे मध्यमवर्गीय माणूस नदीचा इतिहास वाचून घर घेत नाही. त्याला परवडते तिथे घेतो.

धरणावरच्या अभियंत्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठी खडकवासल्याची साखळी भरलेली हवी आणि पुरासाठी तीच रिकामी हवी. जुलै महिन्यात पाणी आधीच सोडून द्यावे आणि पुढे पाऊसच पडू नये, तर तेच पुणेकर मे महिन्यात त्याला शिव्या देतील. तो थांबतो. 24 जुलै 2024 च्या रात्री पाऊस थांबला नाही. विसर्ग वाढत सुमारे 35 हजार क्युसेकवर गेला आणि 25 तारखेच्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. पाणी सोडणे भागच होते. पण झोपलेल्या माणसाला आधी उठवणे हे गणिताचे काम नव्हे, ते शेजारधर्माचे आहे.

आता काठांना भिंती बांधा, असा आग्रह धरला जातो. भिंतीआडचा माणूस सुरक्षित होतो, हे खरे. पण पात्र आवळले की पाणी उंच चढते किंवा वेगाने पुढे धावते. हॉलंडात वाल नदीच्या काठी नाइमेखन म्हणून शहर आहे. 1995 च्या पुराच्या भीतीने त्या देशातल्या सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. पुढे तिथल्या मंडळींनी बांध उंच करण्याऐवजी नाइमेखनच्या समोरच्या तीरावरचा बांधच सुमारे 350 मीटर मागे सरकवला आणि नदीला जागा दिली. त्यात पन्नासेक घरे पाडावी लागली. तिथेही कुणीतरी भरपाई दिलीच, आपल्या वाडवडिलांच्या अंगणाची. परंतु ती कोण देणार हे दिवसाउजेडी, पाणी येण्यापूर्वी ठरले होते.

पुण्याला पाणी मिळावे म्हणून मुठेच्या खोऱ्यातली गावे धरणांच्या पोटात गेली. वरच्या अंगाने एकदा देऊन झाले आहे. आता भिंती बांधल्या तर पाळी खालच्या अंगाची. संगमाच्या पुढे मुळा-मुठा मांजरीवरून, थेऊरवरून भीमेकडे जाते. भिंतीच्या आराखड्यावर हरकती मागवायच्याच असतील तर तो कागद थेऊरच्या चावडीवरही लागला पाहिजे, आणि तोही मराठीत, पाणी कोणत्या शेताच्या बांधापर्यंत येईल हे गट नंबरासकट लिहून.