रक्त न सांडणारे शस्त्र

ज्या शस्त्राने मनुष्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही, ते चालविणाऱ्यावर पापपुण्याचा काही भार येतो काय? पुष्कळांचे उत्तर 'नाही' असेच येईल, आणि प्रथमदर्शनी ते रास्तही वाटते.

वैमानिकावाचून उडणारी छोटी विमाने, ज्यांस सर्वत्र ड्रोन म्हणतात, ती आता शेकड्यांनी सोडली जातात. ८ व ९ मे २०२५ च्या दरम्यानच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानने ३०० ते ४०० ड्रोन धाडल्याचे आपल्या सरकारने सांगितले. अशा थव्यावर एकेक क्षेपणास्त्र खर्ची घालणे म्हणजे टोळधाडीवर मोहरा उधळणे होय. रेडिओलहरी अडवाव्या, तर युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून काचतंतूच्या दोऱ्याने चालविलेले ड्रोन वापरात आले. त्यांस रेडिओची गरजच नाही. म्हणून विद्युत्चुंबकीय लहरींचा प्रखर झोत सोडण्याची युक्ती पुढे आली. त्या झोताने यंत्राच्या तारांत अकस्मात विद्युद्दाब उत्पन्न होतो व आतील नाजूक भाग जळतात अथवा गोंधळतात. ब्रिटनने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत अशाच झोताने ड्रोनचे थवे पाडण्यात आले. टप्पा सुमारे १ किलोमीटर आणि एका माऱ्याचा खर्च १० पेन्स, म्हणजे आपले दहाबारा रुपये!

विराटपर्वातील संमोहनास्त्राची येथे आठवण होते. अर्जुनाने कौरवसेना मूर्च्छित केली व उत्तराने महारथ्यांची वस्त्रे काढून आणली. परंतु ते अस्त्र पडले ते लढावयास आलेल्यांवर. शिवाय भीष्मांस त्याचा प्रतिकार ठाऊक असल्याने ते शुद्धीवर राहिले, ही गोष्ट कथा सांगताना आपण बहुधा गाळतो.

नव्या अस्त्राचा प्रतिकारही अज्ञात नाही. धातूचे आवरण घातले की लहर बरीचशी बाहेरच अडते. शत्रू आज ना उद्या आपल्या ड्रोनास ते घालील. ज्यास आवरण नाही अशी यंत्रे कोणती? प्रसूतिगृहातील अर्भकाची उबदार पेटी, अतिदक्षता विभागातील श्वासयंत्र, गावाला पाणी चढविणाऱ्या पंपाचे नियंत्रण. लहरीस यांतला भेद कळत नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट केला, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले. ज्या मित्रराष्ट्राशी वैर नव्हते, त्या ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ हाही त्या स्फोटाच्या किरणोत्सर्गाने बिघडला. तो अणुस्फोट होता, आजचा झोत त्या मानाने बालक आहे, हे खरे. पण बालक वाढते.

आणखी एक बाब. निकामी झालेला ड्रोन हवेत विरून जात नाही. पोटातील स्फोटकांसह तो खाली येतो. खाली कोण राहतो, हे झोत सोडणाऱ्याने आधी पाहावयास नको काय?

१९७७ च्या जिनिव्हा पुरवणी कराराने लढवय्ये व नागरिक यांत भेद करण्याचे बंधन घातले, तसेच हल्ला परतविणाऱ्यानेही आपल्या प्रजेस शक्य तेवढी झळ लागू न देण्याची खबरदारी घ्यावी असे म्हटले. भारत त्या करारात सामील नाही. परंतु आपल्याच लोकांची काळजी घेण्यास करार कशाला हवा?

समुद्रावर वा ओसाड सीमेवर हा झोत चालविण्यात आम्हांस दोष दिसत नाही. सैनिकाचे प्राण वाचत असतील तर तो अवश्य चालवावा. शहराच्या डोक्यावर मात्र, खालच्या इस्पितळांची यंत्रे सुरक्षित केल्यावाचून तो रोखणे म्हणजे कवच स्वतः घालून घरच्यांस उघडे ठेवणे होय. हे काम अशक्यही नाही. एमआरआय यंत्राच्या खोलीस बाहेरच्या लहरी अडविण्याकरिता तांब्याचे अस्तर लावतात, व ते लावणारे कारागीर आपल्या शहरांतूनच आहेत. अर्भकांच्या पेट्या असतात ते दालन बहुधा त्याच इमारतीत, दोनचार भिंती पलीकडे असते.