अर्ज नामंजूर

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, पळस्पे मागे टाकलं की शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडके यांचं गाव. जन्म ४ नोव्हेंबर १८४५चा, आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार; नातवाच्या वाट्याला पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी आली. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, अर्ज गेला, रजा मिळाली नाही. ते तसेच निघाले. पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही साहेबाने रजा नाकारली.

ही हकिकत शाळेपासून आपल्याला पाठ असते, आणि घोळ तिथेच होतो. ती आपण नांदी म्हणून सांगतो: रजा नाकारली, माणूस पेटला, पुढच्या पानावर रामोश्यांना घेऊन इंग्रजांविरुद्ध बंड, दरोडे, एडनचा तुरुंग. मधली वर्षं कुणी मोजत नाही. धामारी गावावर पहिला दरोडा पडला तो फेब्रुवारी १८७९मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं फडके अपमान गिळून त्याच कचेरीत हजेरी लावत होते. बाहेर स्वदेशीवर भाषणं, वामनराव भावे आणि इंदापूरकरांबरोबर शाळा काढण्याची खटपट, दुष्काळाची पाहणी. आणि सकाळी पुन्हा हिशेबाची वही.

मला बंडाइतकाच हा मधला काळ महत्त्वाचा वाटतो. तळोज्याच्या कारखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ठेकेदाराकडे लागलेला बावीस वर्षांचा मुलगा नेमका तिथेच उभा आहे. रजेच्या अर्जावर ‘कारण’ असा रकाना असतो. त्यात तो ‘घरगुती काम’ लिहितो, कारण खरं लिहिलं की सुपरवायझर लग्नाची पत्रिका नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी मागतो. न विचारता गेला तर खाडा, आणि खाड्याबरोबर हजेरीचा बोनसही गेला.

कायदा नव्हता असं नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा दिली. अर्ज मात्र १५ दिवस आधी हवा होता. आजारपणाला ही अट नव्हती, पण मयताला जायचं असेल तर काय करायचं? शिवाय ठेकेदार बदलला की भरलेले दिवस पुन्हा एकपासून. कागदावर सगळं रीतसर असतं, म्हणून भांडायचं कुणाशी तेही कळत नाही.

घरी यावर एकच उत्तर मिळतं: ‘सगळ्यांचं चालतं, तुलाच काय झालं?’ बापालाही दोष देववत नाही. नवी मुंबईसाठी जमीन सिडकोला गेली तेव्हा पोराला नोकरी मिळावी म्हणून त्यानेच मोर्चे काढलेले असतात. राजीनाम्याला धाडस लागतं हे खरं, पण त्याआधी लागते दोन-तीन महिन्यांची शिल्लक. ‘तरुण पोरं टिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांना आणि ‘लाथ मार नोकरीला’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ती आपल्या खिशातून द्यायची नसते.

फडक्यांनी निदान श्रीशैलला बसून आपली हकिकत स्वतःच्या हाताने लिहिली. सरकारने तीच खटल्यात पुरावा म्हणून पुढे केली. हा मुलगा काहीच लिहीत नाही. पगार खात्यात पडतो, दुसऱ्या दिवसापासून तो येत नाही, रजिस्टरात ‘न कळवता गैरहजर’ असा शेरा पडतो. का गेला हे विचारायला कुणी फोन करत नाही, कारण संध्याकाळच्या आत ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा आणलेला असतो.