माहेर कोणाचे तुटले?



आमच्या आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे कौंडण्यपूर. भीष्मक राजाचे कुंडिनपूर ते हेच, अशी आम्हां विदर्भवासीयांची श्रद्धा. तिथे अंबिकामातेचे देऊळ आहे, आणि आषाढीसाठी तिथूनच रुक्मिणीमातेची पालखी पंढरीची वाट धरते. म्हणून रुक्मिणी स्वयंवर आम्हांला शेजारच्या घरात घडल्यासारखे वाटते.

कथा तुम्हांला ठाऊकच आहे. भागवताच्या दशम स्कंधात 52 ते 54 या अध्यायांत ती येते. नाथमहाराजांनी शके 1493 मध्ये काशीक्षेत्री तिच्यावर 18 प्रसंगांचा ग्रंथ केला. घरच्यांच्या मनात जावई म्हणून कृष्ण होता, पण थोरल्या रुक्मीने हट्टाने शिशुपाल ठरवला आणि भीष्मक मुलाच्या मायेपुढे वाकला. मुलीने ब्राह्मणाहाती पत्रिका धाडली, आणि अंबिकेच्या दर्शनाहून परतताना कृष्णाने तिला रथात घेतले.

घरचा शब्द मोडणारी ही मुलगी धर्माला चुकली का? श्रोते मला हे विचारत. मी चटकन सांगत असे, ‘ती जीव, तो शिव; जीवाने शिवाकडे जावे, यात कसला दोष?’ उत्तर खरे आहे, पण त्याच्याआड मी लपत होतो.

माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा अकरा वर्षे मी तिचा उंबरा चढलो नाही. सप्ताहात स्वयंवराच्या दिवशी लोकांना अक्षता टाकायला सांगत होतो, आणि घरी स्वतः रुक्मी होऊन बसलो होतो.

आता पुढचा प्रसंग पाहा. कृष्णाला मारून बहिणीला परत आणीन, नाहीतर कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन रुक्मी धावला आणि हरला. कृष्णाने तलवार उगारली, तेव्हा रुक्मिणीने पाय धरून भावाचा जीव मागितला. देवाने त्याला मारले नाही, पण त्याचे केस-दाढी भादरून विद्रूप केले. त्यावर बलरामदादांनी प्रत्यक्ष देवालाच बोल लावला, की आप्ताला असे विद्रूप करणे हा त्याचा वधच होय.

माउली, आज्ञा मोडणे वेगळे आणि नाते तोडणे वेगळे. रुक्मिणीने भावाची आज्ञा मोडली, भावाला सोडले नाही. शपथेपायी रुक्मी कुंडिनपुरी परतला नाही. भोजकट वसवून तिथेच राहिला. घर सुटले ते त्याचे. जी पळाली म्हणतात, तिची पालखी आजही त्याच गावातून निघते.

लेकरांचे प्रत्येक करणे बरोबर, असे मी म्हणत नाही. पटले नाही तर वडीलधाऱ्याने स्पष्ट सांगावे, समजवावे, रागवावेही. पण शपथ घेऊ नये. पुढे बहिणीच्या संतोषासाठी रुक्मीने आपली लेक प्रद्युम्नाला दिली, तरी मनातले वैर गेले नव्हते. शेवटी नातीच्या लग्नात, द्यूताच्या डावावर, त्याच वैराने त्याचा प्राण घेतला.

बाराव्या वर्षी मी बहिणीकडे गेलो. तिने काही विचारले नाही. पाय धुवायला पाणी दिले आणि चूल पेटवायला आत गेली. ओसरीवर बसून मी पुष्कळ वेळ रडलो.

तुमच्याही घरात असा एखादा न चढलेला उंबरा असेल, तर पंढरीला निघण्याआधी तो चढून या.